तेर्साला उत्तर देणारी

२८ सप्टेंबर, रविवार

आजचं भाषण कानात ताजं आहे तोवर उतरवून ठेवते.

"रापणकर भावांनो, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या माझ्या बायांनो, पहाटेपासून दोर ओढून ज्यांच्या वाट्याला नुसता कचरा येतो त्या सगळ्यांनो. समुद्र आटलेला नाही, चोरीला गेला आहे. दिवस मावळला की क्षितिजावर जे पांढरं शहर उगवतं, त्या एलईडीच्या बोटी आहेत. दिवे पाण्यात सोडले की माशांना वाटतं सकाळ झाली, आणि पिल्लांसकट सगळे वर येतात. कायदा कागदावर आहे, बोटी पाण्यावर आहेत. आणि आता आपल्यातलाच एक त्या बोटीवर तांडेल झाला आहे, बोट तोच चालवतो. सांतान डांटस. त्याचा बाप आपल्याबरोबर दोर ओढत मेला. सांतानशी भांडू नका. त्याच्यावर हात उचलू नका. त्याच्या घरावरून जाताना फक्त मान वळवा. कुणी बोलायचं नाही, कुणी आत जायचं नाही, त्या घरातलं कुणी आपल्या दोराला लागायचं नाही."

ठराव एकमताने झाला. 'बहिष्कार' हा शब्द मी मुद्दाम वापरला नाही, त्याला शिक्षा आहे. लवू तांडेल, आमच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचा प्रमुख, म्हणाला की टीचर बोलली म्हणजे दगडाला पण घाम फुटतो.

शेवटी मागच्या बाकावरून सांतानची आई उठली. कार्मेलीनमाय. आमची शेजारीण, दोन्ही घरांना मधली चिऱ्याची भिंत एकच. तिने विचारलं, "टीचर, सायबीण तरी येतली मा आमच्याकडे?"

सायबीण म्हणजे मारिया माउलीची मूर्ती, ऑक्टोबरात ती वाडीत घरोघर फिरते. रोज एका घरी मुक्काम, आणि त्या घरची बाई दुसऱ्या दिवशी मूर्तीची पेटी हातात घेऊन शेजारच्या घरी पोचवते. माझ्यानंतर कार्मेलीनमायचं घर, हे माझी सासू नांदायला आली तेव्हापासून चालत आलं आहे. पण ठराव तो ठराव. मी माइकवरूनच म्हटलं, "सायबिणीक उजवाड होयो तर तेका सांतानाच्या बोटीर न्हेवा. थंय लायटींची कमी नाय."

सगळे पोट धरून हसले. कार्मेलीनमायसुद्धा हसली. हसताना तिचं तोंड एका बाजूला गेलं आणि ती खाली बसली.

घसा पार बसला आहे. पण सभा जिंकली.

३० सप्टेंबर, मंगळवार

कुमसाराला, पापांची कबुली द्यायला गेले. फादर मिंगेलना सांगितलं की माझा राग वाढतो आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. अन्यायावर राग येत नसेल तर तो माणूस कसला, असंही ऐकवलं. ते जाळीमागून म्हणाले, "टीचर, तू कुमसार करतंस काय भाषण?"

प्रायश्चित्त दिलं ते असं: ऑक्टोबर महिनाभर रोज तेर्स, म्हणजे माळेचा पूर्ण जप. आणि प्रत्येक रहस्याला, म्हणजे दर दहा मण्यांना जो प्रसंग आठवायचा त्याला, त्या रहस्याचा गुण मागायचा. येशूच्या जन्माची वार्ता आली तिथे नम्रता, मारिया एलिझाबेथकडे गेली तिथे शेजाऱ्यावर प्रेम, असे. मी म्हटलं की नम्रता हा गुण हरलेल्या लोकांना शिकवतात, जिंकलेल्यांना तो कुणी मागायला लावत नाही. ते म्हणाले, "मग तू पयली हो."

करते. माझं वाचन दांडगं आहे. ज्या गोष्टीने इतकी शतकं इतक्या बायकांना गुडघ्यावर ठेवलं ती आतून काय आहे ते एकदा बघायला हवं.

१ ऑक्टोबर, बुधवार

देवळीसमोर मेणबत्ती लावून बसले. घरात मी एकटी. नवरा इनास बोटीवर नोकरीला, सध्या कुठल्याशा आफ्रिकेच्या बंदरात, मुलगी रिया पुण्याला.

एक अडचण आली. तेर्सात 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पहिला भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा बाकीच्यांनी. एकटं असलं की दोन्ही भाग आपणच म्हणायचे. पण मी पहिला भाग म्हणून थांबत होते. प्रत्येक वेळी. मग लक्षात यायचं की उत्तर द्यायला कुणी नाही, आणि घाईने मीच पुढचं म्हणायचे.

इनासला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "फिलू, ती सभेची सवय. अर्धा आपण बोलाचा आणि लोकांची वाट बघूची."

४ ऑक्टोबर, शनिवार

आज उत्तर आलं.

पहिलं रहस्य, नम्रता. थांबले, आणि भिंतीतून ऐकू आलं. म्हातारीचा आवाज, शेवटचा शब्द ओढणारा: 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळीऽ.' मी हातातली माळ घट्ट धरली. पुढचा मणी म्हटला. थांबले. पुन्हा आलं.

कार्मेलीनमाय, दुसरं कोण. आमची देवळी त्याच भिंतीत आहे, तिचा पलंगही पलीकडे भिंतीला लागून. सासू होती तेव्हा ती तिथूनच उत्तर द्यायची, आणि सासू म्हणायची की आमच्या घरात भिंतीलासुद्धा तेर्स येतो. तेव्हा मला ते गोड वाटायचं. आज अंगावर काटा आला, आणि मग राग आला. आपण कुणाशी बोलायचं सोडलं की त्याने आपल्या प्रार्थनेतून घरात शिरायचं? ठरावात प्रार्थनेचं कलम घालायचं राहिलं.

तरी सगळा जप तिच्याबरोबरच झाला. लयीत झाला. हे मान्य करते.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज मुद्दाम मागच्या पडवीत बसले, विहिरीच्या अंगाला. मधे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे तिचा आवाज पोचणं शक्य नाही.

उत्तर आलं. लांबून नाही, माझ्या उजव्या खांद्यामागून. तिथे फक्त रहाटाचा खांब आहे.

पोफळीचं झाप हलत नव्हतं, हवा इतकी पडली होती. समुद्रावर ते पांढरं शहर उगवलं होतं आणि त्याचा उजेड ढगांवर पडून कावळे अवेळी ओरडत होते. मी स्वतःला समजावलं की चिरा आवाज धरतो, विहीर तो फिरवते. शास्त्र आहे. दुसऱ्या रहस्याला शेजाऱ्यावर प्रेम मागायचं होतं. मी शब्द म्हटले. कुठला शेजारी ते मनात आणलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

माळेच्या राणीचा, म्हणजे मारिया माउलीचा सण. सायबीण चॅपेलमधून निघाली. पास्कू पिंटो, चॅपेल समितीचा अध्यक्ष, घरांचा क्रम वाचून दाखवत होता: अठराला टीचरकडे, एकोणीसला पिंटोंकडे. माझं घर आणि पिंटोचं घर यांच्या मधे जे घर आहे त्याचं नाव न घेता तो पुढे गेला. मला बरं वाटलं. बरं वाटलं असं लिहिते आहे, कारण या वहीत तरी खरं लिहायचं आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी रापण लागली. यंदाची पहिली भरलेली रापण, बांगडा. पाण्याला चांदीचा रंग आला होता आणि तारकर्लीचे दोन पर्यटक फोन उंच धरून धावत आले. दोर ओढणाऱ्यांच्या दोन रांगा, लवू मधे उभा.

आमच्यात रीत आहे की जो दोराला हात लावेल त्याला कालवणापुरती मासळी द्यायचीच. तो परका असो, वैरी असो, दोराला हात लागला की तो रापणीचा. एवढी एक रीत आहे की जिच्यावर मी महाराष्ट्रभर भाषणं केली.

सांतानची बायको रोजाली वाळूतून चालत आली. कुणाकडे बघितलं नाही. शेवटच्या माणसामागे उभी राहिली आणि तिने दोर धरला.

तिच्या पुढच्याने दोर सोडला. मग त्याच्या पुढच्याने. एकेक करून सगळ्यांनी हात मागे घेतले, कुणी एक शब्द न बोलता, जसं मी शिकवलं होतं तसं. दुसरी रांग बघत राहिली आणि मग तिनेही सोडला. दोर सरपटत पाण्याकडे गेला. रोजाली तो धरून पाण्यात ओढली गेली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मग तिनेही सोडला. जाळं सैल पडलं. चांदीचा रंग फुटला आणि पसरला आणि पाणी पुन्हा नुसतं पाणी झालं.

रोजाली ओल्या लुगड्याने परत गेली. लवू माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दोरी आमी सोडलव, टीचर. तुमीच सांगितलास मा?"

होय, मीच सांगितलं होतं. शिस्त म्हणतात ती हीच. मग त्याच्याकडे बघवत का नव्हतं मला?

११ ऑक्टोबर, शनिवार

आज जप केला नाही. माळ खुंटीला राहू दिली. दिवेलागणीला चॅपेलची घंटा झाली आणि मी पेपर वाचत बसले.

उत्तर सुरू झालं.

नुसतं उत्तर. 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळीऽ.' मग शांतता, पहिला भाग म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी. मग पुन्हा उत्तर. माझ्यासाठी जागा सोडून, माझ्याशिवाय, ती पूर्ण तेर्स म्हणत होती. मी रेडिओ लावला. रेडिओच्या खालून ते चालू राहिलं.

शेवटी मी उठून रेडिओ बंद केला आणि उरलेल्या जागा भरल्या. घाबरून भरल्या, भक्तीने नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

संचिता, आमच्या वाडीची आशा सेविका, माझं ब्लडप्रेशर बघायला आली होती. तिची नोकरीच अशी की तिला कुठल्याही घरात जावं लागतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, शेजारची म्हातारी संध्याकाळी फार मोठ्याने म्हणते, नाही?

तिने पट्टा सोडता सोडता माझ्याकडे बघितलं. "कोण? कार्मेलीनमाय? टीचर, तेका वाचाच नाय. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून. अर्धां अंग गेला, जीभ गेली. ओठ तेवडे हलतत."

मग घरात दुसरं कोण असतं? कुणीच नाही, म्हणाली. सांतान समुद्रावर, रोजाली जेवणाच्या वेळेपर्यंत लॉजवर भांडी घासते. संध्याकाळी म्हातारी एकटीच असते.

सभेच्या दुसऱ्या दिवसापासून. मी पहिल्या पानावर जाऊन स्वतःचं लिहिलेलं वाचलं. हसताना तिचं तोंड एका बाजूला गेलं, असं मी लिहिलं आहे.

आज दुःखाची रहस्यं होती. पहिल्याला पश्चात्ताप मागायचा असतो. मी म्हटलं, आणि थांबले, आणि जो कुणी आहे त्याने उत्तर दिलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एकटीने बसायचा धीर होईना. इनासला फोन लावून म्हटलं की माझ्याबरोबर तेर्स म्हण. त्याला आश्चर्य वाटलं, पण म्हणाला, बरा. फोन देवळीत उभा करून ठेवला. त्याचं उत्तर जरा उशिराने यायचं, इतक्या लांबून. एका माणसाचा खरा आवाज घरात आला म्हणून मी जवळजवळ रडले.

संपल्यावर तो खुशीत होता. म्हणाला, "बरा केलंस, फिलू. मिटवलंस ता."

काय मिटवलं, मी विचारलं.

"अगो, कार्मेलीनमायेक बोलवलंस मा तेर्साक? माझ्या आधी तीच जाप देय होती. माका वाटला, चल, सुटला सगळा."

मी त्याला खरं सांगितलं नाही. नेटवर्क गेलं असं सांगून फोन ठेवला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज किनाऱ्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, जाऊन जप केला. उघडी वाळू, भिंत नाही, विहीर नाही. तिथेही ते उत्तर आलं.

भीतीतून एक गोष्ट मात्र कळली. मी आयुष्यभर लोकांसमोर अर्धं वाक्य बोलून थांबत आले, आणि ते उत्तर मी स्वतःचं समजत आले. माझी सभा, माझे लोक, माझ्या टाळ्या. माळेत तसं नाही. पहिला भाग म्हणणारी मोठी नसते. समोरचा बोलेपर्यंत ती अर्धीच असते. मी मागत होते ती नम्रता ही असेल, तर ती हरलेल्यांची नाही. पण हे ज्ञान घेऊन करायचं काय? ठराव माझा आहे. लोक माझ्यावर विश्वास ठेवून उपाशी राहिले, दोर सोडून बसले. त्यांना मी आता काय तोंड दाखवू?

१९ ऑक्टोबर, रविवार

काल सायबीण माझ्याकडे होती. घर भरलं. मोठमोठ्याने उत्तरं आली, उकडलेले चणे आणि खोबरं वाटलं, पास्कूने दोनदा मागून घेतलं. इतक्या गर्दीत तो एक आवाज होता की नव्हता, कळलं नाही.

आज सकाळी रोजाली मागच्या दाराशी आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. म्हणाली की आई आता पाणीसुद्धा घेत नाही, संचिता म्हणते फार तर एक-दोन दिवस. "टीचर, तेका सायबीण बघूची आसा. तितक्यांच. दोरीक हात लावलंय तो मासळेसाठी न्हय, कोण तरी माझ्याशी बोलात म्हणान. शिव्या घालतीत तरी चलतीत म्हटलंय."

मी म्हटलं की ते माझ्या हातात नाही, ठराव सगळ्यांचा आहे.

"ठराव तुमच्याच तोंडचो," ती म्हणाली आणि गेली.

दिवेलागणीला मिरवणूक निघाली. पेटी माझ्या हातात. पुढे मेणबत्त्या, मागे गाणं, आणि समुद्रावर ते पांढरं शहर, त्यामुळे माणसांच्या सावल्या दोन्हीकडे पडत होत्या. डांटसांच्या फाटकाशी आलो. आत दिवा नव्हता. पुढची मेणबत्ती पिंटोंच्या घराकडे वळली.

मी फाटक ढकललं.

गाणं पुढून मागे एकेका तोंडात थांबत गेलं. पास्कू म्हणाला, "टीचर, वाट चुकलास."

"नाय, पास्कू. पयल्यापासून वाट हीच आसा."

कुणी आलं नाही. फाटकाशी सगळे उभे राहिले, माना वळवून, जसं शिकवलं होतं तसं.

आत रोजालीने दिवा लावला. कार्मेलीनमाय पलंगावर होती, एका पोराएवढी झालेली. मी पेटी तिच्या उशाशी, त्या मधल्या भिंतीला टेकवून ठेवली. तिचा एक डोळा उघडा होता, तो मूर्तीवर गेला आणि तिथेच राहिला. सांतान दारात आला, अंगाला डिझेलचा वास. मी त्याला सांगितलं की मी तुझी बोट पकडून देणार आहे, आज नाही तर उद्या. तो म्हणाला, "द्या. पण आता बसा." आणि खुर्ची पुढे केली.

मी सुरुवात केली. पहिला भाग म्हटला आणि थांबले.

काहीच आलं नाही.

कार्मेलीनमायचे ओठ हलले, नुसते. रोजाली हुंदक्यात अडकली होती, सांतानला शब्द आठवत नव्हते. मी वाट बघितली. भिंतीतून नाही, खांद्यामागून नाही, कुठूनच नाही. पंधरा दिवस माझ्या पडवीत, वाळूत, फोनमधे जी होती, ती या घरात नव्हती. त्या शांततेची मला जेवढी भीती वाटली तेवढी आवाजाची कधी वाटली नाही. फाटकाबाहेर वीस-पंचवीस माणसं होती, सगळ्यांना दुसरा भाग पाठ, आणि सगळ्यांची तोंडं बंद. म्हातारी डोळा माझ्याकडे वळवून वाट बघत होती, आणि मला कळत होतं की ती माझी नाही, फाटकाबाहेरच्यांची वाट बघते आहे.

बसलेल्या घशाने मी दोन्ही भाग म्हणत गेले. मधेच आवाज गेला. तेर्स पुरा झाला नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज रोजालीने सायबीण पास्कूकडे पोचवायची, पण डांटसांच्या हातून तो ती घेणार नाही असा निरोप आहे. म्हणजे ती तिथेच आहे. कार्मेलीनमायसुद्धा अजून आहे. संचिता सकाळी जाऊन आली.

माझ्याकडे आवाज उरलेला नाही, म्हणून हे लिहून रापणीच्या ग्रुपवर टाकते आहे आणि चॅपेलच्या दारावर लावते आहे.

"रापणकर भावांनो आणि बायांनो, चॅपेलच्या लोकांनो, लवू, पास्कू. सांतानच्या बोटीशी माझं भांडण आहे आणि ते मी शेवटपर्यंत लढेन. पण त्याच्या आईने कुठला दिवा पाण्यात सोडला? मान वळवा हे मी शिकवलं. मीच सांगते, ते चुकीचं होतं आणि तो ठराव मी मोडला आहे. पुढच्या सभेत मला त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, मी समोर उभी राहीन. आज ते सगळं बाजूला ठेवा. त्या खोलीत एक बाई मरते आहे आणि तिच्यासाठी उत्तर द्यायला कुणी नाही. मी तिथे बसून कान देऊन ऐकलं आहे. खरंच कुणी नाही. ज्यांना तेर्स येत नाही त्यांनी नुसतं 'आमेन' म्हणावं, लवू, तेवढं तुला येतं.

आज घंटा झाली की सांतान डांटसच्या घरी या. फाटकाशी थांबू नका, आत या. पहिला भाग मी कुजबुजत म्हणेन आणि थांबेन. दुसरा तुम्ही म्हणा."